थांबलेल्या प्रोग्रामचे ‘हातचे’ : डीबगर प्रोसेसरच्या पोटातले आकडे कसे वाचतो?

६ मे १९४९. केंब्रिज विद्यापीठात एडसॅक या संगणकाने आपला पहिला प्रोग्राम चालवला. त्यानंतर काही आठवड्यांतच यंत्राचे प्रमुख शिल्पकार मॉरिस विल्क्स यांनी एअरी समीकरण सोडवणारा एक प्रोग्राम लिहायला घेतला. त्याची एक कागदी फीत पुढे अभ्यासकांच्या हाती लागली. तिच्यावरील १२६ ओळींत सुमारे २० चुका निघाल्या. आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्राममधील चुका हुडकण्यात जाणार आहे, ही जाणीव आपल्याला जिन्यात एका वळणावर झाली, असे विल्क्स यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले आहे.

चूक हुडकायची म्हणजे नेमके काय पाहायचे? शाळेत बेरीज करताना आपण ‘हातचा एक’ मनात धरतो. वहीत आकडे असतात, पण गणिताचा त्या क्षणीचा प्राण हातच्यात असतो. संगणकाची मेमरी ही वही. आणि प्रोसेसरमधील मोजकी, अतिवेगवान रजिस्टरे हे त्याचे हातचे. सध्या कोणती संख्या हाताळली जात आहे, पुढची आज्ञा कोठून उचलायची, हे तेथेच असते. प्रोग्राम कोठे घसरला हे कळायचे तर हे हातचे पाहता आले पाहिजेत.

पेच येथेच आहे. हातचा पाहण्यासाठी जो दुसरा प्रोग्राम चालवायचा, त्यालाही तीच रजिस्टरे लागतात. कारण प्रोसेसर एकच. पाहणारा आत शिरताक्षणी पाहायची गोष्ट पुसली जाते. म्हणून ‘चालू प्रोग्रामची रजिस्टरे वाचणे’ हा शब्दप्रयोग काटेकोरपणे पाहिला तर खरा नाही. वाचली जाते ती नेहमी थांबलेल्या प्रोग्रामची, कोणीतरी आधीच उतरवून ठेवलेली नक्कल. ती नक्कल कोणी उतरवायची, कोठे ठेवायची आणि तिच्यात खाडाखोड करण्याचा अधिकार कोणाला, या तीन प्रश्नांभोवती डीबगरचा सारा इतिहास फिरतो.

एडसॅकवर पहिला मार्ग डोळ्यांचा होता. यंत्र थांबवायचे, एकेक आज्ञा पुढे सरकवायची आणि पडद्यावर उमटणारे ठिपके वाचायचे. याला केंब्रिजमध्ये ‘डोकावणे’ म्हणत. यंत्र एकच, वापरणारे अनेक. एकाने तासभर डोकावत बसावे ही चैन परवडणारी नव्हती. स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात निराळी वाट दाखवली. संशयित प्रोग्राम थेट चालवायचाच नाही. तपासनीस प्रोग्रामने त्याची एकेक आज्ञा उचलायची, ती स्वतः पार पाडायची आणि त्या आज्ञेचे अक्षर कागदावर छापायचे. मूळ प्रोग्रामचा हातचा तपासनीस मेमरीत बाजूला जपतो, आज्ञा पार पाडण्यापुरता परत आणतो आणि पुन्हा ठेवून देतो. या पद्धतीने काम अतिशय मंद होई. पण नक्कल उतरवून ठेवण्याची कल्पना येथे प्रथमच इतक्या स्वच्छपणे मांडलेली दिसते. पुढचे सर्व डीबगर या अर्थाने गिल यांचे वारस आहेत.

पुढचा अंक एमआयटीतला. टीएक्स-० हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक १९५८ साली तेथील विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आला. त्याच्या एका रजिस्टराचे अधिकृत नावच ‘लाइव्ह रजिस्टर’, म्हणजे जिवंत रजिस्टर, असे होते! या यंत्रासाठी थॉमस स्टॉकहॅम आणि जॅक डेनिस यांनी ‘फ्लिट’ हा डीबगर रचला. त्याची माहितीपुस्तिका १९६० सालची. नाव ‘फ्लेक्सोरायटर इंटरॉगेशन टेप’चे आद्याक्षरी रूप; पण श्लेष उघड आहे. ढेकूण-डासांवर फ्लिटचा पंप मारणाऱ्या पिढीला तो समजावून सांगावा लागणार नाही. १९६१ साली पीडीपी-१ साठी आलेल्या वारसदाराचे नाव तर थेट ‘डीडीटी’. दोन्ही डीडीटी वेगवेगळ्या जातींच्या किड्यांवर चालतात, तेव्हा घोटाळा होण्याची भीती नाही, अशी मिश्कील तळटीप डेक कंपनीच्या पुस्तिकेत आढळते.

विनोद बाजूला ठेवला तरी युक्ती गंभीर होती. जेथे थांबायचे त्या जागेची मूळ आज्ञा डीबगर उचलून ठेवतो आणि तिच्या जागी ‘माझ्याकडे उडी मार’ अशी आज्ञा बसवतो. प्रोग्राम पूर्ण वेगाने धावत येतो आणि त्या सापळ्यात पाय पडताच डीबगरच्या दारात येऊन उभा राहतो. डीबगरचे पहिले काम एकच : स्वतः काहीही करण्यापूर्वी रजिस्टरांतील आकडे मेमरीत उतरवणे. मग टंकयंत्राशी बसलेला माणूस ते सावकाश वाचतो. हवे तर बदलतो. आणि बदलतो म्हणजे ती उतरवलेली नक्कल बदलतो. ‘पुढे चल’ म्हटले की डीबगर नकलेतील आकडे रजिस्टरांत भरतो आणि प्रोग्राम वाट धरतो. दरम्यान कोणी हातचा बदलला, हे त्याला समजण्याचा मार्ग नसतो.

हीच रचना महाराष्ट्रातील अनेक अभियंत्यांनी हाताळली आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील ८०८५ च्या किटवर ‘एक्झॅम रेग’ आणि ‘सिंगल स्टेप’ अशा कळी असत; मूळ नमुना इंटेलच्या एसडीके-८५ चा. कळ दाबल्यावर लाल आकड्यांत दिसणारा ‘ए’ हा प्रोसेसरमधला नव्हे, किटच्या मॉनिटर प्रोग्रामने मेमरीत उतरवलेला ‘ए’ असे.

या साऱ्या रचनेत एक उणीव होती. डीबगर आणि संशयित एकाच मेमरीत, एकाच छपराखाली राहत. संशयित बेफाम झाला तर तपासनीसालाच पुसून टाकी. शिवाय एका यंत्रावर अनेक माणसे काम करू लागल्यावर प्रत्येक प्रोग्रामभोवती भिंत उभी राहिली. भिंतीमुळे सुरक्षितता आली. पण आता डीबगरलाही पलीकडचे दिसेना.

तोडगा दिसतो तो बेल लॅब्सच्या युनिक्समध्ये. १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीत ‘पीट्रेस’ ही सोय आढळते. पीडीपी-११ या यंत्रात आठ रजिस्टरे आणि प्रोसेसरची अवस्था सांगणारा एक शब्द. प्रोग्राम सापळ्यात अडकला की प्रोसेसर कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ताब्यात जातो आणि रजिस्टरे त्या प्रोग्रामच्या कर्नलमधील खासगी कप्प्यात उतरतात. नक्कल उतरवणारा आता डीबगर नव्हता, कर्नल होता. आकडे कप्प्यात क्रमाने नसत; कोणते रजिस्टर कोठे पडले आहे याची नऊ नोंदींची छोटी यादी कर्नल बाळगून असे.

वाचनाची रीत मात्र विलक्षण होती. डीबगर हा ‘पालक’, संशयित हे त्याचे ‘अपत्य’. पालक भिंत ओलांडत नाही. तो आपली मागणी कर्नलमधील एका चौकटीत ठेवतो आणि अपत्याला जागे करतो. अपत्य कर्नलच्या आतच जागे होते, स्वतःचा कप्पा स्वतःच उघडते, मागितलेला एक शब्द चौकटीत ठेवते आणि पुन्हा झोपते. एका खेपेला एकच शब्द. आठ रजिस्टरांसाठी आठ हेलपाटे! आणि ती चौकट साऱ्या यंत्रात एकच. दुसऱ्या कोणाला डीबग करायचे असेल तर त्याने थांबावे. झडती घेण्याऐवजी आरोपीकडूनच दप्तर मागवून घेण्याचा हा प्रकार. पण भिंत शाबूत राहिली.

लिहिण्याच्या बाबतीत कर्नल अधिक सावध होता आणि जोखीम खरी होती. अवस्था-शब्दातील काही बिट ‘हा साधा प्रोग्राम आहे की कर्नल’ हे ठरवतात. कोणी आपल्याच अपत्याच्या नकलेत ते बिट बदलले आणि कर्नलने ते निमूटपणे प्रोसेसरमध्ये भरले, तर सामान्य वापरकर्ता क्षणात यंत्राचा धनी झाला असता. म्हणून लिहू दिले जाई ते त्या नऊ जागी आणि अपूर्णांकी गणिताच्या जतन केलेल्या रजिस्टरांत, अन्यत्र नाही. अवस्था-शब्दावर लिहिलेच, तर कर्नल स्वतः ‘साधा प्रोग्राम’ दर्शवणारे बिट पुन्हा ठोकून बसवी. अवघ्या दोन ओळींची ही चौकी. ऑस्ट्रेलियातील प्राध्यापक जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीवर लिहिलेले भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून जगभर फिरले. त्यातून एका पिढीने कर्नलच्या अशा ओळी अभ्यासल्या.

हेलपाट्यांचा कंटाळा टॉम किलियन यांनी १९८४ साली मोडला. चालू प्रोग्राम म्हणजे एक फाइलच, असे त्यांनी मानले. ‘प्रॉक’ निर्देशिकेत प्रत्येक प्रोग्रामच्या क्रमांकाची फाइल. ती उघडावी, वाचावी, लिहावी. युनिक्सच्या पुढील शाखांनी संपूर्ण रजिस्टरसंच एका मागणीत देण्याची सोय केली. लिनक्सने पीट्रेसच ठेवला, पण त्यातही अशी मागणी आली. नावे जुनी, काम नवे.

खाडाखोडीचे धोके आजही जुनेच आहेत. जीडीबी हा डीबगर थांबलेल्या प्रोग्रामकडून मध्येच एखादे वेगळे काम करवून घेऊ शकतो : सारी रजिस्टरे जपायची, ‘पुढची आज्ञा कोठे’ हे रजिस्टर नव्या पत्त्याने भरायचे, काम उरकले की जुने आकडे परत. पण प्रोग्राम थांबला तेव्हा कर्नलकडून एखादे काम अर्धवट करवून घेत असेल तर? सुटताना कर्नल ते काम पुन्हा सुरू करू पाहतो आणि त्यासाठी पत्ता दोन बाइट मागे सरकवतो. कर्नलला हाक मारणारी आज्ञा ६४-बिट इंटेल यंत्रावर दोन बाइटांची असते. सरकतो मात्र डीबगरने नुकताच लिहिलेला नवा पत्ता, आणि प्रोग्राम भलत्याच जागी उतरतो. म्हणून जीडीबी आणखी एका जागी उणे एक लिहितो. त्या जागेला प्रोसेसरमध्ये खरे रजिस्टरच नाही. ती केवळ कर्नलच्या नोंदीतली ओळ आहे. हातच्याची नक्कल आता मूळ हातच्यापेक्षा मोठी झाली आहे!

१९७५ साली फक्त स्वतःचे अपत्य तपासता येई, तेही त्याने आधी संमती दिली असेल तरच. पुढे चालू प्रोग्रामला बाहेरून जोडून घेण्याची मुभा आली. एका वापरकर्त्याचा कोणताही प्रोग्राम त्याच्याच दुसऱ्या प्रोग्रामची रजिस्टरे आणि मेमरी चाळू लागला. एखादा घुसखोर प्रोग्राम याच वाटेने शेजारच्या प्रोग्राममधील संकेतशब्द उचलू शकतो, हे ध्यानात आल्यावर २०१२ साली लिनक्सच्या ३.४ आवृत्तीत ‘यामा’ नावाचा पहारा दाखल झाला. त्याचा पहिल्या पायरीचा नियम असा : सर्वाधिकारी वापरकर्ता वगळता, आणि तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रामनेच दुसऱ्या कोणाला परवानगी दिली नसेल तर, डीबगरने फक्त आपल्या वंशजांनाच हात लावावा.