भुतांआधीचा राबता

‘हाँट’ हे इंग्रजी क्रियापद आज झपाटलेल्या वाड्यांशी आणि पाठ न सोडणाऱ्या स्मृतींशी निगडित असले, तरी फ्रेंचमधून ते मध्ययुगीन इंग्रजीत आले तेव्हा एखाद्या स्थळी नित्य राबता ठेवणे, एखादा व्यवसाय अखंड करीत राहणे, एवढाच त्याचा अर्थ होता. चौदाव्या शतकाच्या अखेरीस कवी चॉसरने ‘बाथची गृहिणी’ या आपल्या पात्राचे वस्त्र विणण्यातील नैपुण्य सांगताना याचेच नामरूप योजले, आणि मला त्या अभ्यस्त हातांतच या शब्दाचे खरे कूळ दिसते. शेक्सपिअरच्या ‘दुसरा रिचर्ड’ नाटकात, स्वतः पदच्युत केलेल्यांची भुते मागे लागलेल्या राजांच्या वर्णनात, प्रेतात्म्यांचा अंमल स्पष्ट होतो. तथापि त्याच्याच ‘मॅकबेथ’मध्ये, जेथे खून झालेला बँको मेजवानीला येऊन बसतो, हे क्रियापद किल्ल्याच्या भिंतीवर घरटी बांधणाऱ्या पाकोळ्यांसाठी आले आहे.