परतीचा उंबरठा : ‘उमराव जान अदा’ आणि लखनौ

मिर्झा हादी रुसवा यांची ‘उमराव जान अदा’ ही उर्दू कादंबरी १८९९ साली प्रसिद्ध झाली. फैजाबादच्या अमीरनला दिलावर खान सूडापोटी पळवतो आणि ती लखनौच्या कोठ्यावर विकली जाते, हा भाग सर्वपरिचित आहे. १९८१ च्या चित्रपटाने तो अधिकच रुजवला. अभ्यासकांनी थांबावे ते परतीच्या प्रसंगापाशी. आई पोटाशी धरते, भाऊ सुरा उगारतो. तिच्याचसारखी पळवून विकलेली रामदेई मात्र नवाबाच्या घरात बेगम होते. दोघींच्या भाग्यातील अंतर केवळ खरेदीदारामुळे पडले आहे.

ही कथा लखनौचा इतिहास म्हणून वाचताना सावधगिरी हवी. वीणा तलवार ओल्डनबर्ग यांच्या १९९० मधील शोधनिबंधातील मुलाखतींत पुष्कळ तवायफा पळवून आणलेल्या नव्हत्या. सासर-माहेरच्या छळातून त्या निसटल्या होत्या. म्हणजे जिथे ‘परत पाठवायचे’ ते घरच संशयास्पद ठरते. १९५६ च्या अनैतिक व्यापारविरोधी कायद्याने संरक्षणगृहे दिली खरी. परंतु सुटका झालेल्या स्त्रीला आईवडील वा पती यांच्या स्वाधीन करण्यापूर्वी त्यांची क्षमता व खरेपणा मान्यताप्राप्त कल्याणसंस्थेकडून तपासून घ्यावा, ही तरतूद १९८६ च्या दुरुस्तीने आली. कादंबरीनंतर तब्बल ८७ वर्षांनी! केंद्राच्या २००७ च्या उज्ज्वला योजनेत पुनर्वसनापासून समाजातील पुनःसमावेश वेगळा मानला गेला. २०२२ पासून ही योजना ‘शक्ती सदन’मध्ये विलीन आहे.