गाभडलेली गाय आणि अ‍ॅलिसबाईंचा ताप

मैत्रिणींनो, सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडली की आपण म्हणतो, नजर लागली. वार उघड्या हातांनी उचलून टाकतो. हे काम बहुधा आपल्याच वाट्याला येतं, म्हणून ही गोष्ट ऐका.

१८८७ मध्ये माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या डॉक्टरांना तापाने मेलेल्या सैनिकांच्या शरीरात एक जंतू सापडला. १८९७ मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांना गाई गाभडवणारा जंतू सापडला. दोघांचं नातं ओळखलं अमेरिकेच्या अ‍ॅलिस इव्हान्स यांनी. १९१८ मध्ये त्यांनी लिहिलं, हे जंतू भाऊबंद आहेत, कच्च्या दुधातून माणसालाही धोका आहे. एक बाई, तीही डॉक्टरेट नसलेली! मोठ्या शास्त्रज्ञांनी ऐकलं नाही. १९२२ मध्ये काम करताना त्यांनाच लागण झाली. ताप वर्षानुवर्षं येत-जात राहिला, आणि डॉक्टर म्हणाले, मनाचा आजार. शेवटी बाईंचंच खरं ठरलं. हाच तो ब्रुसेलोसिस.

प्रत्येक गाय यानेच गाभडते असं नाही, म्हणून रक्त तपासून घ्या. वासरू, वार हातमोजे घालून खोल पुरा, वर चुना टाका. गरोदर बाईने लांब राहावं. दूध उकळूनच प्या. कालवड चार ते आठ महिन्यांची असताना एकदाच लस द्यायची असते. २०१९ पासून सरकारी मोहिमेत ती मोफत मिळते.

आणि तुमचा ताप हटत नसेल, सांधे दुखत असतील, तर दवाखान्यात आवर्जून सांगा, "आमची गाय गाभडली होती."