गावाने पोसलेली गिरणी

मुंबईची पहिली कापडगिरणी 1856 मध्ये ताडदेवला सुरू झाली. पुढे 1921 च्या जनगणनेत शहरातल्या शंभरांपैकी चौऱ्याऐंशी माणसं बाहेरगावी जन्मलेली निघाली. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातली दोन लाखांवर. हजार पुरुषांमागे बाया जेमतेम सव्वापाचशे. म्हणजे शहर वाढलं, पण घरं गावीच राहिली. मुंबईत गावकऱ्यांच्या सामायिक खोलीत प्रत्येकाची मालमत्ता एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला आडवा होई. जेवण खानावळीत. मजुरी ठरली ती अशा एकट्या माणसाच्या पोटापुरती. बायकोचं बाळंतपण, पोरांचं वाढणं, आजारपण, म्हातारपण हा सगळा खर्च कोकणातल्या वाडीने उचलला. गिरणीच्या हिशेबवहीत तो कधी आलाच नाही. 1896 च्या प्लेगात काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झाली, तेव्हाही पळालेल्यांना छप्पर दिलं ते गावानेच.

यावर कुणी म्हणेल, गाव एवढं मायाळू होतं तर माणसं निघाली कशाला? आक्षेप खरा आहे. खोताचा जाच, सावकाराचं व्याज आणि वर्षभर न पुरणारा भात यांनीच त्यांना बोटीत बसवलं. चूल पेटायची तीही बहुधा मुंबईच्या मनिऑर्डरीवर. पण त्या पैशातला मोठा वाटा खोताच्या आणि सावकाराच्या घशात गेला, म्हणून गाव श्रीमंत झालं असं काही दिसत नाही. मालकांची तक्रार वेगळीच: हा अर्धा शेतकरी, पेरणीला पळतो, गिरणीत मन लावत नाही. मन लावावं असं तिथे काय होतं? बदली कामगाराला रोज सकाळी फाटकाशी उभं राहून आज काम मिळेल का, याची वाट पाहावी लागे. अशा नोकरीच्या भरवशावर गावचा तुकडा सोडणं हा शुद्ध वेडेपणा ठरला असता. उलट 1928 चा गिरणी संप सहा महिने टिकला, त्यामागे लाल बावट्याच्या संघटनेइतकाच गावी परतून तग धरता येण्याचाही हात होता. कामगारांच्या निवाऱ्यासाठी सरकारने 1920 च्या दशकात बी.डी.डी. (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी बांधल्या. सोळा हजारांवर खोल्या, बिऱ्हाडाला एकच, सुमारे 160 चौरस फुटांची. त्यातल्याही बऱ्याच सुरुवातीला रिकाम्या पडल्या.