ताकदीच्या व्यायामात वजन केव्हा वाढवावे?

ताकदीच्या व्यायामात उचलावयाचा भार क्रमाक्रमाने वाढवत नेणे, हे या व्यायामप्रकाराचे मूळ तत्त्व होय. सवयीपेक्षा थोडा अधिक भार पडला तरच स्नायू बळकट होत जातात. मात्र ही वाढ केव्हा करावी, हे किती आठवडे उलटले यावरून नव्हे, तर आवर्तनांच्या संख्येवरून ठरते.

या पद्धतीला वैद्यकीय पाया दिला तो अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांनी ‘सलग दहा वेळा उचलता येईल असे कमाल वजन’ हे माप वापरले आणि ताकद वाढेल तसतसे ते वाढवत नेले. त्यांचा यावरील शोधनिबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन या संस्थेने २००९ मध्ये दिलेली शिफारस आजही सोयीची आहे. ठरलेल्या संख्येपेक्षा एक-दोन आवर्तने अधिक होऊ लागली, की भार २ ते १० टक्क्यांनी वाढवावा. दहाचे लक्ष्य असताना अकरा-बारा आवर्तने होत असतील आणि पुढच्या खेपेसही तसेच घडले, तर वाढ करण्यास हरकत नाही. शेवटच्या आवर्तनात कंबर वाकत असेल किंवा हिसका द्यावा लागत असेल, तर ते आवर्तन हिशेबात धरू नये. अनेकांची गफलत नेमकी येथेच होते.

वाढ किलोत नव्हे, टक्केवारीत मोजणे महत्त्वाचे. ४० किलोच्या बारबेलला दोन्ही बाजूंस सव्वा किलोची प्लेट लावल्यास वाढ सुमारे ६ टक्के होते. पण ५ किलोचे डंबेल ठेवून साडेसात किलोचे उचलले, तर ती वाढ थेट ५० टक्क्यांची ठरते. खांद्याच्या व्यायामात अशी उडी धोक्याची असते. मधले डंबेल उपलब्ध नसल्यास आधी आवर्तने दहावरून पंधरापर्यंत न्यावीत आणि मगच वजन बदलावे. जोर-बैठकांची संख्या वाढवत नेणाऱ्या तालमींना हा मार्ग नवा नाही.

नवशिक्यांचे वजन पहिल्या काही आठवड्यांत झपाट्याने वाढते. त्यामागे स्नायूंच्या वाढीपेक्षा मज्जासंस्थेचे सरावणे अधिक असते. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे मात्र सावकाश बळकट होतात. त्यामुळे उचलता येते म्हणून दर खेपेस वजन वाढवणे इष्ट नाही. सांध्यात दुखत असल्यास वाढ थांबवावी. आजारपण किंवा दीर्घ खंडानंतर पूर्वीपेक्षा कमी वजनाने सुरुवात करावी. जड वजन उचलताना श्वास रोखल्यास रक्तदाब एकाएकी चढतो, म्हणून उच्च रक्तदाब वा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊनच भार वाढवावा.