घटाकाश, मठाकाश आणि घर सजवण्याची विद्या



मागच्या व्याख्यानानंतर औशातले एक शेतकरी आम्हाला दारातच थांबवून म्हणाले, "सर, पोरीला इंटिरियर डिझाइनचा कोर्स करायचाय. पुढं परदेशात जायचं म्हणती. दोन एकर विकावं का? आणि ही खरंच विद्या आहे, का नुसते पडदे अन् सोफे?" आम्ही त्या दिवशी उत्तर दिलं नाही. विचार करून सांगतो म्हणालो आणि निसटलो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला ही पळवाट बरी सापडते. पण प्रश्न जमिनीचा आहे, मुलीच्या आयुष्याचा आहे. म्हणून आज इतिहासात जाऊन त्याचं उत्तर शोधू.

सुरुवात आमच्या विषयापासून करतो. वेदान्तात घटाकाश आणि मठाकाश असा दृष्टान्त आहे. औशाला नाथांची परंपरा आहे, कीर्तनात तुम्ही तो अनेकदा ऐकला असेल. घागरीतली पोकळी ती घटाकाश, घरातली पोकळी ती मठाकाश. वेदान्ती सांगतो की भिंत पडली तरी आकाशाचं काही बिघडत नाही. ते खरंच आहे. पण माणूस राहतो तो त्या पोकळीत. तिथे उजेड कुठून यावा, धान्य कुठे ठेवावं, बाळंतिणीची खोली कुठली, म्हाताऱ्याची बाज कुठे, हे कुणीतरी ठरवावंच लागतं. ते ठरवण्याची विद्या म्हणजे अंतर्गत रचना. पडदे त्यात शेवटी येतात.

ही विद्या पूर्वी कुठे शिकवत? सुताराच्या घरी. पोरगा बापाच्या हाताखाली रंधा धरायचा. त्याला आपण उमेदवारी म्हणत आलो, आजची मुलं इंटर्नशिप म्हणतात. तिला वर्गाची जोड मिळाली ती मुंबईत. सर जमशेटजी जीजीभाईंनी 1853 मध्ये एक लाख रुपये देऊ केले आणि 1857 मध्ये त्यांच्या नावाची कलाशाळा सुरू झाली, तेच आपलं जे. जे. 1865 मध्ये लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे दोन शिक्षक तिथे आले. विद्यार्थ्यांचे हात प्रत्यक्ष इमारतीवर चालले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस 1878 ते 1888 या काळात बांधलं गेलं. त्यावरच्या दगडी वेलबुट्ट्या, प्राणी, पक्षी, आतलं नक्षीकाम यांत जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. आज आपण सीएसएमटीला उतरतो तेव्हा मान वर करून पाहतो का? ती त्या पोरांची उमेदवारी आहे.

दुसरं उदाहरण तर आपल्या मराठवाड्यातलं. ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन 1872 पासून अजिंठ्याला यायचे, भित्तिचित्रांच्या नकला करायला. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात, म्हणजे मुंबईच्या पोरांसाठी परराज्यच. ते काम 1885 पर्यंत चाललं. नकला लंडनला पाठवल्या आणि 1885 मध्येच तिथल्या आगीत त्यातल्या बऱ्याच जळून गेल्या. मग हाती काय राहिलं? ज्यांनी रेघ न् रेघ ओढली त्यांच्या बोटांत ती राहिली. शिक्षणाचं हेच असतं मंडळी. कागद जळतो, सराव जळत नाही.

आता परदेशाची गोष्ट. किपलिंग 1875 मध्ये मुंबईहून लाहोरला गेले. तिथे त्यांना भाई रामसिंग नावाचा सुतारकाम जाणणारा विद्यार्थी मिळाला. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाऊस या वाड्यात भारतीय पद्धतीचं दालन करायचं ठरलं, तेव्हा 1891 च्या सुमारास त्याची आतली सारी सजावट याच रामसिंगांनी तिथे राहून करवून घेतली. पंजाबातला एक सुतार परदेशी गेला तो शिकवण्यासारखं काही बरोबर घेऊन गेला. पुढे तोच लाहोरच्या कलाशाळेचा मुख्य झाला.

दुसरे आपले अच्युत कानविंदे. जन्म 1916, गाव कोकणातलं आचरे. जे. जे.मध्ये वास्तुकला शिकले, मग सरकारने त्यांना हार्वर्डला पाठवलं, तिथे वॉल्टर ग्रोपियससारखे गुरू लाभले. परत येऊन त्यांनी पुष्कळ काम केलं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या इमारती त्यांच्याच संस्थेच्या. एक गोष्ट ध्यानात घ्या. रामसिंग काय किंवा कानविंदे काय, आधी इथे पक्के झाले आणि मग बाहेर गेले. आणि घरची जमीन विकून गेले नाहीत.

स्वातंत्र्यानंतर या शिक्षणाचा पसारा वाढला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था 1961 ची, मुंबई आयआयटीतलं डिझाइन केंद्र 1969 चं. 1972 साली दोन गोष्टी घडल्या. वास्तुविशारदांचा कायदा झाला आणि इंटिरियर डिझायनरांनी आपली देशव्यापी संघटना स्थापली. फरक असा की वास्तुविशारद हे नाव कायद्याने राखीव आहे, इंटिरियर डिझायनर हे नाव तसं राखीव नाही. कुणीही पाटी लावू शकतो, कुणीही क्लास काढू शकतो. चांगले अभ्यासक्रम आहेत, पदविका आहेत, पदव्या आहेत. पण सहा महिन्यांत डिझायनर करून देणारी दुकानंही आहेत. आमच्या ओळखीच्या एका मुलाने मोठ्या शहरात तीन महिने इंटर्नशिप केली. नाव घेत नाही, पण त्याला तिथे फक्त झेरॉक्स काढायला आणि फरशीचे नमुने पुसायला ठेवलं होतं. प्रमाणपत्र मात्र सुंदर मिळालं.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरचा आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. किल्लारी आपल्याच औसा तालुक्यातली. हजारो माणसं गेली. ती भूकंपाने गेली असं आपण म्हणतो. खरं म्हणजे ती घराखाली गेली. दोन-अडीच फूट जाडीच्या, गोल दगड मातीत रचलेल्या भिंती. वर माळवद. पावसात गळू नये म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीचा आणखी एक थर. उन्हाळ्यात थंड राहणारं ते घर डोक्यावर किती ओझं वाढवतंय, हे कुणी मोजलं नव्हतं. काही घरांत भिंती कोसळल्या तरी लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या. सुताराने सांधे नीट केले होते तिथे माणसं वाचली. घराच्या आतली विद्या जीव वाचवते ती अशी.

पुढे पुनर्वसन झालं. बावन्न गावं नव्या जागी गेली. घरं मिळाली ती जमिनीच्या हिशोबाने, अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फूट. घरं मजबूत झाली, त्याबद्दल कृतज्ञ राहिलंच पाहिजे. पण बळद कुठे, ओसरी कुठे, जनावरं कुठे बांधायची, पाहुणा आला तर सुनेनं कुठे बसायचं, हे पुष्कळ ठिकाणी नकाशात नव्हतं. मग लोकांनी पत्रे ठोकले, पडव्या काढल्या, आणि काहींनी तर पुन्हा दगडमातीचीच भिंत घातली. घर वाचवणारी विद्या आणि घरात राहणारी माणसं यांची गाठ पडली नाही.

म्हणून त्या शेतकरी बंधूंना आमचं उत्तर असं. होय, ही विद्या आहे. मुलीला जरूर शिकवा. पण दोन एकर आत्ता विकू नका. आधी इथलाच चांगला अभ्यासक्रम निवडा आणि त्याला मान्यता कुणाची ते लेखी पाहा. उमेदवारीला पाठवताना विचारा की आठवड्यात किती दिवस कामाच्या जागी नेणार, सुतार-गवंड्यांबरोबर उभं करणार का. परदेशाची वेळ आली की मुलीला विचारा, तिथे असं काय शिकशील जे इथे नाही? भूकंपात टिकणारं घर, कमी जागेतलं घर, म्हाताऱ्या माणसांचं घर, असं नेमकं उत्तर आलं तर रस्ता बरोबर आहे. मग शिष्यवृत्त्या शोधा. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य सरकारची परदेश शिष्यवृत्ती आहे, इतर काही प्रवर्गांसाठीही योजना आहेत. जमिनीचा विचार सगळ्यात शेवटी.

आणि पोरीला आमच्याकडून एक गृहपाठ द्या. गावात जिची घरं पडली अशी एखादी आजी गाठायची. तिच्यापुढे कागद ठेवायचा आणि म्हणायचं, आजी, तुमचं जुनं घर मला सांगा. चूल कुठे, देवळी कुठे, उजेड कुठून यायचा. ती बोलेल तसं काढत जायचं. मग खाली लिहायचं, या घरातलं काय ठेवलं असतं आणि काय बदललं असतं. तो कागद घेऊन ती आमच्याकडे आली, तर तिच्या शिफारसपत्रावर आम्ही आनंदाने सही करू.

थांबतो. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.