खणलेले मीठ, पिकलेले मीठ : शिरोड्याच्या आगराचा शब्दार्थ आणि कृषि-इतिहासाची सीमा

(१)

कृषीच्या इतिहासाला स्वतंत्र अभ्यासविषयाचे स्थान आपल्या देशात उशिरा मिळाले. दीर्घकाळ तो महसुलाच्या इतिहासातील एक प्रकरण म्हणूनच लिहिला जात असे. ही स्थिती पालटण्याच्या कामी दक्षिणेतील एका महानगराचा वाटा मोठा आहे. सिकंदराबाद येथे १९९४ साली एशियन अ‍ॅग्री-हिस्टरी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक डॉ. य. ल. नेने हे मूळचे वनस्पतिरोगशास्त्रज्ञ. भातावरील ‘खैरा’ रोगाचे कारण जस्ताची उणीव हे होय, असे त्यांनी १९६६ साली दाखवून दिले होते. संस्थेने १९९६ साली सुरपालाचा ‘वृक्षायुर्वेद’ आणि १९९९ साली ‘कृषिपराशर’ हे ग्रंथ डॉ. नलिनी साधले यांच्या अनुवादासह प्रसिद्ध केले. सुरपालाच्या ग्रंथाचे हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातून मिळवावे लागले होते. २०१८ साली डॉ. नेने यांचे निधन झाले. परंतु शेतीचा इतिहास जुन्या ग्रंथांच्या आधारे वाचण्याची जी दृष्टी त्यांनी रुजविली, ती आता या विषयाच्या अभ्यासकांत स्थिर झाली आहे.

तथापि या दृष्टीला एक स्वाभाविक मर्यादा आहे. ग्रंथ नांगराविषयी बोलतात, पर्जन्याविषयी बोलतात, बीज, बैल आणि वृक्ष यांविषयी बोलतात. ज्या भूभागाविषयी कोणी ग्रंथ रचला नाही, त्याच्या शेतीचा इतिहास कशावरून लिहावयाचा? कृषि-इतिहासाच्या एखाद्या परिषदेत शिरोड्यासारख्या गावाला स्थान द्यावयाचे झाले, तर त्या गावाने पुरावा म्हणून काय पुढे ठेवावे? प्रस्तुत निबंधाचे उत्तर असे आहे की, शिरोड्याने आपला एक शब्द पुढे ठेवावा. तो शब्द म्हणजे ‘आगर’.

(२)

शिरोडे हे वेंगुर्ले तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. दक्षिणेस थोड्याच अंतरावर तेरेखोलची खाडी आणि गोव्याची सरहद्द आहे. समुद्रालगतच्या वाळूवर माडांची रांग आणि तिच्या मागे, भरतीचे पाणी जेथवर चढते त्या सखल भागात, मिठागरे अशी येथील जमिनीची ठेवण. गावाच्या समुद्रकिनाऱ्याला ‘वेळागर’ म्हणतात. ‘वेळ’ म्हणजे समुद्रकाठ. संस्कृत ‘वेला’ हा शब्द कोकणीत आणि मालवणीत याच अर्थाने जिवंत आहे. तेव्हा वेळागर म्हणजे काठावरचे आगर, माडांचे आगर. आणि त्याच गावातले दुसरे आगर म्हणजे मिठागर.

एकाच गावात, थोड्याशा अंतरात, एकच शब्द माडाच्या बागेला आणि मिठाच्या वाफ्यांना लागतो, ही गोष्ट केवळ योगायोगाची नाही. अलिबागेच्या परिसराला अष्टागर म्हणतात, ते नारळी-पोफळीच्या बागायतीमुळे. गुहागराच्या नावातही हेच आगर आहे. उलट तेरेखोलपलीकडे पेडणे तालुक्यात आगरवाडा म्हणून गाव आहे, ते मिठागरांसाठी प्रसिद्ध. ठाणे-रायगड किनाऱ्यावरील आगरी समाजाचे नाव या शब्दावरूनच आले. त्या समाजाने खारजमिनीत भातही लावले आणि मीठही काढले. मराठी कोशांत या शब्दाचे बागायत आणि मिठाची जागा हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले आढळतात.

शब्दाची व्युत्पत्ती दोन प्रकारे सांगता येते. एक ‘आगार’ म्हणजे घर, कोठार यापासून. दुसरी ‘आकर’ म्हणजे खाण यापासून. गुजरातीत ‘अगर’ म्हणजे मिठागरच, आणि कच्छच्या छोट्या रणात मीठ काढणारे ते अगरिया. मिठाचा अर्थ दोन्ही भाषांत समान असल्याने ‘आकर’ ही व्युत्पत्ती अधिक संभवनीय वाटते. प्राकृतात दोन स्वरांमधील ‘क’ बहुधा लोप पावतो. काही शब्दांत मात्र तो ‘ग’ होऊन टिकतो. आकराचे आगर झाले ते या दुसऱ्या वाटेने. मराठीच्या घरगुती शब्दांत हा ‘ग’ विरळा आहे. त्यावरून हा शब्द बोलीतून नव्हे, तर राजदरबाराच्या दप्तरातून किनाऱ्यावर उतरला असावा, असे अनुमान करता येते. अनुमान म्हणूनच ते घ्यावे. परंतु पुढील विवेचनात त्याला बळकटी मिळते.

(३)

राज्यसंस्थेच्या भाषेत मीठ ‘खणले’ जाते. कौटिल्याने मिठाचा विचार सीताध्यक्षाच्या, म्हणजे शेतीवरील अधिकाऱ्याच्या, प्रकरणात केलेला नाही. तो दुसऱ्या अधिकरणाच्या बाराव्या अध्यायात, आकर म्हणजे खाणींच्या प्रकरणात, केला आहे. लवणाध्यक्ष तेथे धातूंच्या आणि रत्नांच्या अधिकाऱ्यांच्या पंक्तीत बसतो. परवान्यावाचून मीठ काढणाऱ्याला दंड सांगितला आहे; वानप्रस्थाला मात्र त्यातून सूट आहे.

सातवाहनांच्या लेखांतही हाच दृष्टिकोन दिसतो. नाशिकच्या पांडवलेण्यातील गौतमीपुत्र सातकर्णीच्या लेखात भिक्षूंना दोनशे निवर्तने शेत दिल्याचा उल्लेख आहे. त्या शेताला जे परिहार म्हणजे सवलती दिल्या, त्यांत ‘अलोणखादक’ असा शब्द येतो. त्याचा रूढ अर्थ असा की, राजपुरुषांनी त्या जमिनीत मिठासाठी खणू नये. वाकाटकांच्या ताम्रपटांत, उदाहरणार्थ द्वितीय प्रवरसेनाच्या चम्मक येथील ताम्रपटात, याच सवलतीचे संस्कृत रूप आढळते, आणि तेथेही ‘खन्’ हाच धातू आहे. दान केलेल्या शेतातही मीठ राजाचे असते, आणि राजा ते सोडून देतो तेव्हाच ते सुटते, असा या शब्दांचा इत्यर्थ.

येथे एक आक्षेप घेता येईल. नाशिक काय किंवा विदर्भ काय, दोन्ही प्रदेश समुद्रापासून दूर. तेथे मीठ खारट मातीतून खरोखरच खणून काढीत असतील; तेव्हा ‘खणणे’ हे क्रियापद तंत्राचे द्योतक आहे, मालकीचे नव्हे. हा आक्षेप योग्य आहे. परंतु तो मान्य केल्यावरही एक प्रश्न उरतो. समुद्रकाठी, जेथे मीठ खणावे लागत नाही, तेथेही ‘आकर’ हा खाणीचाच शब्द कसा आला? मिठाला खनिज मानणारी दृष्टी शब्दासह किनाऱ्यावर आली, हे त्याचे सर्वांत सोपे उत्तर होय.

(४)

पुढे मात्र किनाऱ्याने या शब्दाचे जे केले, ते लक्षणीय आहे. खाणीच्या शब्दाचा त्याने बाग असा अर्थ केला, आणि मिठाला ‘पिकणे’ हे क्रियापद दिले. मीठ पिकते, यंदा मिठाचे पीक बरे आले, अवकाळी पावसाने पीक बुडाले, असेच किनाऱ्यावर बोलले जाते. हा केवळ अलंकार आहे असे म्हणता येणार नाही. मिठागराचे काम पाहिले असता हे क्रियापद यथार्थ असल्याचे ध्यानात येते.

पावसाळा सरला की फुटलेले बांध पुन्हा घालावे लागतात. तळ साफ करून, चिखल तुडवून आणि चोपून घट्ट करावा लागतो. उधाणाच्या भरतीला दार उघडून पाणी आत घेतात, ते एका साठ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून लहान वाफ्यांत खेळवितात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटून मूळच्या सुमारे एक दशांशावर आले, त्याची घनता २५ अंश बोमेच्या आसपास पोचली, म्हणजे खाण्याचे मीठ जमू लागते. त्यापूर्वीच चुन्याचे क्षार खाली बसतात. त्यानंतर फार काळ पाणी ठेवले तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात मिसळतात. पाणी केव्हा घ्यावे, केव्हा पुढच्या वाफ्यात सोडावे आणि उरलेले कडू पाणी केव्हा काढून टाकावे, हे सारे आगरातील माणसे वर्षानुवर्षांच्या सरावाने ओळखीत आली आहेत. बांध, वाफा, पाणी देणे, पीक, हंगाम : भाताच्या शेतीची सारी परिभाषा येथे तशीच लागू पडते.

आणि ही दोन शेते एकमेकांपासून फार दूरही नाहीत. खाजण जमिनीत पावसाचे गोडे पाणी मातीतील खार धुऊन नेते आणि खारे पाणी सोसणारे भात तेथे उभे राहते. गोव्यातील ‘कोरगुट’ हे त्याचे परिचित उदाहरण. समुद्राला अडविणारा बांध आणि पाणी आत-बाहेर करणारे दार हीच दोहोंची गुरुकिल्ली. त्या दाराला गोव्यात ‘मानस’ म्हणतात, उत्तर कोकणात ‘उघाडी’. भातासाठी समुद्र बाहेर ठेवावयाचा, मिठासाठी मोजून आत घ्यावयाचा, एवढाच काय तो भेद.

मिठाची नावेही येथे साक्ष देतात. प्राकृत ‘लोण’ मराठीत ‘लोणचे’ आणि ‘अळणी’ या शब्दांत शिल्लक आहे. अळणी म्हणजे अ-लवण. दोन स्वरांमधल्या ‘ल’चा ‘ळ’ होणे हे मराठीच्या प्रकृतीला धरूनच आहे. लोणारी या जातिनामातही तेच लोण आहे. परंतु नित्याच्या व्यवहारात मराठीने ते बाजूला सारून ‘मीठ’ हा शब्द घेतला. तो ‘मृष्ट’ म्हणजे रुचकर, गोड यापासून आला; हिंदीतला ‘मीठा’ त्याचाच सख्खा भाऊ. शिलालेखांतील लोण खणले जाते. घरातले मीठ पिकते आणि पानात वाढले जाते.

(५)

इंग्रजी अंमलात तिसरे क्रियापद आले, ते म्हणजे निर्मिती करणे. १८८२ चा हिंदुस्थानचा मीठ कायदा आणि १८९० चा मुंबईचा मीठ कायदा यांनी मिठाला परवान्याने चालणारा, पहाऱ्याखालचा उद्योग ठरविले. शिरोड्याच्या दृष्टीने याहून अर्थपूर्ण घटना म्हणजे १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह. या तहाने गोव्यातील मिठावरचे नियंत्रण इंग्रजांकडे गेले आणि त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. १८९२ साली तह संपुष्टात आला. तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर एकाच समुद्राचे, एकाच रीतीने पिकणारे मीठ. परंतु त्याचे मोल कलकत्ता आणि लिस्बन यांमधील करारावर ठरू लागले.

१९३० साली मिठावर मणामागे सव्वा रुपया कर होता. ६ एप्रिल रोजी महात्मा गांधींनी दांडीला मूठभर मीठ उचलले. निसर्गतः जमलेले मीठ उचलणे हाही कायद्याने अपराध होता. किंबहुना त्या कायद्याचा भंग इतक्या साध्या कृतीने होऊ शकत होता, यातच त्याचे मर्म होते. मे महिन्यात महाराष्ट्रातील सत्याग्रहींनी शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह केला. इतिहासग्रंथांत शिरोड्याचे नाव आज येते ते बहुधा या एका घटनेमुळेच. राजकीय इतिहासाने त्या घटनेचा योग्य तो गौरव केला आहे. परंतु त्या मिठागरांत सत्याग्रहापूर्वी काय होत होते आणि त्यानंतर काय झाले, हे सांगणे राजकीय इतिहासाचे काम नव्हे. ते कृषि-इतिहासाचे काम आहे, आणि कृषि-इतिहासाने ते अद्याप आपले मानलेले नाही.

५ मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात समुद्रकाठच्या गावकऱ्यांना घरगुती वापरापुरते मीठ काढण्याची मुभा मिळाली. कौटिल्याने वानप्रस्थाला दिलेली सूट ती हीच, एवढेच की आता ती सबंध गावाला मिळाली. १९४७ साली मीठकर उठला. तथापि वर्गीकरण उठले नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत शेती राज्यसूचीच्या १४ व्या नोंदीत आहे, तर मिठाची निर्मिती, पुरवठा आणि वाटप ही संघसूचीच्या ५८ व्या नोंदीत आहेत. खारबंदिस्तीसाठी मुंबई राज्याने १९४८ साली आणि महाराष्ट्राने १९७९ साली कायदे केले; त्यांचा रोख शेतीसाठी समुद्र अडविण्याकडे आहे. २०१६ साली सुरू झालेली पीक विम्याची योजना अधिसूचित पिकांना लागू आहे. मीठ हे त्यांतले पीक नव्हे. अकाली पावसाने भात आडवे झाले तर ती शेतीची हानी ठरते. त्याच पावसाने शेजारच्या वाफ्यातले मीठ विरघळले तर ती उद्योगातली खोट ठरते. बोलीत दोन्ही ठिकाणी ‘पीक बुडाले’ असाच शब्द आहे.

(६)

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४७ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात गोव्याच्या जुन्या काबिजादींतील ग्रामसंस्थेवर निबंध लिहिला. ग्रंथांबरोबरच जमीन, वस्ती आणि जिवंत रूढी यांनाही पुरावा मानण्याची जी पद्धती त्यांनी पुढे विस्ताराने मांडली, तिचा पाया अशा प्रदेशाभ्यासातच आहे. कृषि-इतिहासाला ती पद्धती परकी नाही. परंतु ग्रंथसंपादनाच्या मोठ्या कार्यात गुंतलेल्या या विषयाने बोलीतील शब्द हा पुरावा अजून पुरेसा वापरलेला नाही. शब्दाच्या पुराव्याला तारीख नसते, हे खरे. त्यावरून वर्ष सांगता येत नाही. मात्र लोकांनी आपल्या श्रमाला काय मानले, हे त्यावरून सांगता येते, आणि हे दप्तरांतून क्वचितच कळते.

खणणे, पिकणे आणि निर्मिती करणे या तीन क्रियापदांत मिठाचे तीन धनी दिसतात : राजा, आगरातला माणूस आणि महसूल खाते. पहिल्या आणि तिसऱ्या धन्याचा इतिहास शिलालेखांत आणि कायद्यांत सुरक्षित आहे. दुसऱ्याचा इतिहास एका शब्दाच्या अर्थपालटात आहे, आणि मिठागरे ओस पडत गेली की तो शब्दही केवळ गावांच्या नावांत उरतो. म्हणून आगरांतील क्रियापदे, बांधांची आणि दारांची नावे, पाण्याच्या अवस्थांचे शब्द यांचा संग्रह करणे हे कोशकाराइतकेच कृषि-इतिहासकाराचेही कर्तव्य ठरते. ती माहिती सांगणारी माणसे आहेत तोवरच ते शक्य आहे.